निर्वात वाटी आणि अडलेले बाळंतपण

काशीच्या दक्षिणेकडील घाटांवर उभे राहून नदीच्या वरच्या अंगाला पाहिले असता गंगेच्या पैलतीरावर रामनगरचा किल्ला दिसतो. काशीनरेशांचे हे गाव तेथील रामलीलेसाठी सर्वत्र प्रसिद्ध आहे. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्या गावाची जागाच अधिक लक्षात घेण्यासारखी आहे. गावात लालबहादूर शास्त्रींच्या नावाचे सरकारी रुग्णालय आहे, आणि ऐलतीरावर, जवळजवळ समोरच, काशी हिंदू विश्वविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे. दोहोंच्या मधून गंगा वाहते. २०१७ साली सामनेघाटाचा पक्का पूल खुला झाला. तोपर्यंत तेथे पिपांचा तरता पूल असे. पावसाळ्यात नदी फुगू लागली की तो काढून घ्यावा लागे, आणि मग एक तर नाव, नाही तर दूरच्या पुलावरून वळसा, एवढेच मार्ग उरत.

अशा गावात एक पहिलटकरीण बाळंतपणासाठी आली आहे, असे समजू. कळा रात्रभर नियमित येत आहेत. गर्भाशयाचे तोंड पूर्ण, म्हणजे सुमारे दहा सेंटिमीटर, उघडले आहे. बाळाचे डोके खाली उतरले आहे. पण दोन तास जोर करूनही ते पुढे सरकत नाही. बाई थकली आहे. इतका वेळ मिनिटाला एकशेचाळीसच्या आसपास पडणारे बाळाच्या हृदयाचे ठोके प्रत्येक कळेनंतर खाली येतात आणि पूर्ववत होण्यास उशीर लावतात. जुन्या सुइणी अशा वेळी एकच शब्द उच्चारीत: बाई अडली.

आता काय करावे? वाट पाहणे हा एक मार्ग. चिमटा लावणे हा दुसरा. पोट उघडून मूल काढणे हा तिसरा. चौथा मार्ग म्हणजे बाळाच्या डोक्याला एक लहानशी वाटी बसवून, तिच्यातील हवा काढून घेऊन, आईच्या कळेच्या जोडीने त्याला बाहेर येण्यास साहाय्य करणे. डॉक्टर याला ‘व्हॅक्यूम लावणे’ म्हणतात. हा शब्द कानी पडताच नातेवाईक दचकतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: याने बाळाच्या मेंदूला इजा तर होणार नाही ना? प्रश्न अगदी रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात देणारा मनुष्य विश्वासास पात्र समजू नये.

तुंबडीचे तत्त्व

वाटी डोक्याला कशी धरून राहते हे समजण्यास आपल्याकडील तुंबडी आठवावी. तुंबडी लावणारा मनुष्य तिच्यातील हवा तोंडाने ओढून घेई किंवा ज्योतीने तापवून विरळ करी. मग ती अंगाला घट्ट चिकटे आणि आतली कातडी फुगून वर येई. पाहणाऱ्यास वाटे की तुंबडी कातडीला ओढते आहे. वस्तुतः ओढणारे आत कोणीच नसते. बाहेरची हवा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम एवढ्या वजनाने सर्व बाजूंनी दाबत असते. आतला दाब कमी झाला की बाहेरचा दाब तुंबडीला अंगावर रेटून धरतो.

प्रसूतीच्या वाटीतील दाब बाहेरच्या दाबापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला ०.८ किलोग्रॅमने कमी करतात. म्हणजे आत साधारण पाचव्या हिश्शाइतकीच हवा उरते. पाच सेंटिमीटर व्यासाच्या वाटीचे क्षेत्रफळ सुमारे २० चौरस सेंटिमीटर भरते. गुणाकार केला तर ती वाटी जास्तीत जास्त १६ किलोग्रॅमच्या ओढीपर्यंत टिकेल असे दिसते. प्रत्यक्षात ती याच्या आधीच सुटते, कारण ओढ थोडी तिरपी झाली की एका बाजूची कड उचलली जाते आणि हवा आत शिरते. चिमट्याच्या बाबतीत अशी मर्यादा नसते. तो धरणाऱ्याच्या दंडात जितके बळ असेल तितके बळ डोक्यावर येऊ शकते. वाटी सुटते हा तिचा दोष आहे, तसाच काही अंशी तो गुणही आहे. ‘काही अंशी’ म्हणण्याचे कारण पुढे येईल.

ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील प्लिमथ येथील शस्त्रवैद्य जेम्स यंग याने १७०६ च्या सुमारास तुंबडी आणि हवेचा पंप यांच्या साहाय्याने अडलेले मूल ओढून काढण्याचा प्रयत्न केला होता, तो फसला. पुढे क्लोरोफॉर्ममुळे प्रसिद्धीस आलेले एडिंबरोचे जेम्स यंग सिम्पसन यांनी १८४९ साली असेच एक उपकरण पुढे मांडले. त्याला पिचकारी जोडलेली होती, पण ते डोक्यावर नीट टिकत नसे, आणि थोड्याच काळात ते मागे पडले. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे चिमट्याचेच राज्य राहिले. स्वीडनमधील तागे माल्मस्ट्रोम यांनी १९५४ साली धातूची वाटी वापरात आणली आणि खरा प्रारंभ झाला. त्यांच्या वाटीची कड आत वळलेली होती. हवा निघाली की टाळूभोवतालची त्वचा आत येऊन त्या कडेखाली गुंडाळली जाई आणि वाटीला जणू खुंटीचा आधार मिळे. पुढे १९७० नंतर सिलिकॉनच्या मऊ वाट्या आल्या, आणि अलीकडे हातपंप जोडलेली, एकदाच वापरून टाकून द्यावयाची प्लास्टिकची वाटीही मिळते. मऊ वाटीने त्वचेला कमी खरचटते, परंतु ती अधिक वेळा सुटते. धातूच्या वाटीचे याच्या उलट. सर्व दृष्टींनी उत्तम अशी वाटी अद्याप कोणी घडविलेली नाही.

वाटी कोठे बसवावी

या विषयातील मर्माची गोष्ट येथे आहे, आणि सामान्य लेखांत ती बहुधा सांगितली जात नाही.

नवजात बाळाच्या डोक्यावर दोन टाळू असतात. पुढची मोठी टाळू सर्वांस ठाऊक आहे. आजीबाई तिच्यावर तेल घालतात तीच. मागे एक लहान, त्रिकोणी टाळू असते. दोहोंना जोडणारी सांध्याची रेषा डोक्याच्या मधून जाते. बाळाने हनुवटी छातीला टेकवून मान वाकवलेली असेल तर त्याच्या डोक्याचा सर्वांत लहान घेर, सुमारे साडेनऊ सेंटिमीटर व्यासाचा, वाटेत येतो. मान ताठ झाली की तोच व्यास साडेअकरा सेंटिमीटरपर्यंत जातो. दोन सेंटिमीटर ही संख्या कागदावर क्षुल्लक दिसते. हाडांच्या कड्यातून जाताना मात्र बाई अडणे आणि मोकळी होणे यांतील अंतर पुष्कळदा एवढेच असते.

मागच्या टाळूच्या पुढे सुमारे तीन सेंटिमीटरवर, त्या मधल्या रेषेवर, असा एक बिंदू आहे की तेथे ओढले असता मान आपोआप वाकते आणि लहान व्यास पुढे येतो. वाटीचा मध्य त्या बिंदूवर असावा. सहा सेंटिमीटरची वाटी तेथे ठीक बसली, म्हणजे तिची मागची कड लहान टाळूपाशी येते आणि पुढची कड मोठ्या टाळूपासून सुमारे तीन सेंटिमीटर दूर राहते. वाटी पुढे सरकून मोठ्या टाळूजवळ बसली तर ओढताना मान ताठ होते, म्हणजे मदतीऐवजी अडथळाच वाढतो. एका बाजूला बसली तर डोके तिरके होते. मग अधिक जोर लावावा लागतो, वाटी सुटते, पुन्हा बसवावी लागते. इजा होते ती बहुधा अशा मालिकेतून.

म्हणूनच बाळाचे डोके कोणत्या दिशेला वळले आहे हे बोटांनी निश्चित कळल्यावाचून वाटी लावू नये, हा पहिला नियम आहे. गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडलेले असावे, पाणमोट फुटलेली असावी, मूत्राशय रिकामे केलेले असावे, आणि पोटावरून चाचपले असता डोक्याचा एक पंचमांशाहून अधिक भाग वर हाताला लागू नये. वाटी बसल्यावर तिच्या कडेभोवती बोट फिरवून आईच्या योनिमार्गाचा वा गर्भाशयमुखाचा भाग आत सापडलेला नाही ना हे पाहावे लागते. हे न केल्याने झालेल्या जखमा चटकन बऱ्या होत नाहीत. सदतीस आठवड्यांच्या आत जन्मणाऱ्या बाळाच्या बाबतीत विशेष सावधगिरी पाळतात, आणि चौतीस आठवड्यांच्या आत वाटी सामान्यतः टाळतात. कारण त्याच्या कवटीची हाडे आणि रक्तवाहिन्या तेवढ्या दृढ झालेल्या नसतात. चेहरा पुढे करून येणाऱ्या बाळाला, किंवा ज्याला रक्त न गोठण्याचा आनुवंशिक विकार असण्याची शंका आहे त्याला, ती लावीत नाहीत.

ओढणे फक्त कळेच्या वेळी आणि आईच्या जोराबरोबर. प्रसूतीचा मार्ग सरळ नळीसारखा नसून पुढे वाकलेला आहे, त्यामुळे ओढीची दिशाही आधी खाली, मग समोर आणि शेवटी वर अशी बदलत जाते. वाटी हाताने फिरवून डोके वळविण्याचा प्रयत्न कदापि करू नये. डोके खाली उतरताना स्वतःच वळते. आणि प्रत्येक ओढीबरोबर डोके पुढे आलेच पाहिजे. तीन ओढींत प्रगती नाही, किंवा वाटी दोनदा सुटली, तर थांबावे. वाटी सुटते म्हणजे बाळ सुरक्षित आहे, असा एक गैरसमज पूर्वी होता. तो चुकीचा ठरला. ताण असताना वाटी एकाएकी निसटली की डोक्यावरील दाबात झटका बसतो, आणि नाजूक शिरांना तोच बाधक होतो.

बाळाला काय होऊ शकते

वाटी काढल्यावर डोक्यावर तिच्या आकाराचा फुगीर उंचवटा दिसतो. तो पाहून घरातील मंडळी घाबरतात, परंतु तो केवळ त्वचेत साठलेल्या द्रवाचा असतो. काही तासांत तो बसू लागतो आणि एकदोन दिवसांत नाहीसा होतो.

दुसरा प्रकार कवटीच्या हाडावरील पातळ आवरणाखाली रक्त साठण्याचा. ही सूज एकाच हाडापुरती मर्यादित राहते, सांध्याची रेषा ओलांडीत नाही, आणि काही आठवड्यांत विरून जाते. साठलेले रक्त शोषले जात असताना बाळाची कावीळ वाढू शकते, एवढे ध्यानात ठेवावे. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या राजविद्यालयाने दिलेल्या आकड्यांप्रमाणे वाटी लावलेल्या शंभर बाळांपैकी एक ते बारा बाळांत ही सूज आढळते.

तिसरा प्रकार विरळ, पण भयंकर. डोक्याच्या त्वचेखालील जाड पडदा आणि कवटी यांच्या मधे एक सैल पोकळी आहे. ती भुवयांपासून मानेपर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत पसरलेली असते. तिला आरपार जाणाऱ्या बारीक शिरा तुटल्या तर रक्त तेथे अडथळ्यावाचून पसरत राहते. तीन किलोग्रॅमच्या बाळाच्या अंगात एकूण रक्त असते ते पाव लिटरच्या आसपास. ते बहुतेक सगळे या पोकळीत मावू शकते. अशी इजा वाटीच्या हजार प्रसूतींत तीन ते सहा वेळा होते. तिचे लक्षण म्हणजे सांधे ओलांडून पसरणारी, दाबली असता लिबलिबीत लागणारी, कानामागे वा मानेकडे उतरत जाणारी सूज. आणि तिच्यासोबत बाळाचा फिकेपणा, सुस्ती, वाढलेले ठोके. वेळीच ओळखून रक्त दिले तर बाळ वाचते. म्हणून वाटी लावलेल्या बाळाचे डोके पहिले काही तास पुन्हा पुन्हा पाहिले पाहिजे. डोक्यावर टोपडे घालून, दुपट्यात गुंडाळून त्याला निजवले आणि कोणी टोपडे काढून पाहिलेच नाही, असे होता कामा नये.

येथे आपल्याकडील एका रूढीचा उल्लेख करणे अवश्य आहे. बाळाचे डोके वाटोळे व्हावे म्हणून ते तेलाने चोळून दाबण्याची पद्धत महाराष्ट्रात आहे आणि काशीकडेही आहे. निरोगी बाळाच्या बाबतीत तिची चर्चा वेगळी. पण डोक्यावर सूज असताना चोळणे, शेकणे अथवा ‘रक्त उतरावे’ म्हणून सूज टोचणे हे सर्वस्वी निषिद्ध होय. टोचल्याने रक्त उतरत नाही, जंतू मात्र आत शिरतात.

मेंदूविषयी काय? कॅलिफोर्नियात १९९२ ते १९९४ या काळात पहिलटकरणींना झालेल्या ५,८३,३४० बाळांच्या नोंदी तपासून १९९९ साली एक निबंध प्रसिद्ध झाला. कवटीच्या आत रक्तस्राव झाल्याचे प्रमाण वाटीने झालेल्या प्रसूतींत ८६० मध्ये एक, चिमट्याने ६६४ मध्ये एक आणि आपोआप झालेल्या प्रसूतींत १,९०० मध्ये एक असे आढळले. येथेच वाचन थांबविले तर वाटी दोषी ठरते. परंतु त्याच निबंधात पुढला आकडा आहे: कळा सुरू झाल्यानंतर केलेल्या सिझेरियनमध्ये हे प्रमाण ९०७ मध्ये एक होते, म्हणजे वाटीच्या जवळजवळ बरोबरीचे, आणि कळा सुरू होण्याआधीच केलेल्या सिझेरियनमध्ये २,७५० मध्ये एक. अर्थ उघड आहे. धोक्याचा मोठा वाटा उपकरणाचा नसून अडलेल्या प्रसूतीचाच असतो. ज्या बाळाला मदतीची गरज पडली ते आधीच संकटात होते. सर्वांत वाईट आकडा वाटी आणि चिमटा ही दोन्ही एकामागून एक लावलेल्या बाळांचा निघाला: २८० मध्ये एक. एक उपाय फसल्यावर केवळ हट्टाने दुसरा करण्याची किंमत त्यात दिसते.

त्याआधीच, मे १९९८ मध्ये, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डॉक्टरांना इशारा दिला होता. मागील चार वर्षांत वाटीच्या वापरानंतर १२ बालमृत्यू आणि ९ गंभीर इजा झाल्याच्या वार्ता त्या खात्याकडे आल्या होत्या. वाटीवर बंदी घालण्यात आली नाही. योग्य बाळंतिणीची निवड करा, वाटी फिरवू नका, आणि बाळाची देखभाल करणाऱ्यांना वाटी लावल्याचे आवर्जून सांगा, असे त्या इशाऱ्याचे स्वरूप होते. यांतील शेवटची सूचना वरकरणी साधी वाटते. परंतु पाळी बदलताना ही एक गोष्ट सांगावयाची राहून गेली तर पुढच्या परिचारिकेला ते बाळ इतर बाळांसारखेच दिसेल.

आईच्या बाजूने

आईच्या दृष्टीने पाहता वाटी चिमट्यापेक्षा सौम्य आहे, याविषयी दुमत नाही. चिमट्याची पाती डोके आणि योनिमार्ग यांच्या मधे जागा घेतात. वाटी डोक्याच्या पुढे बसते. गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत जाणारी मोठी फाट चिमट्याने शंभरांत आठ ते बारा बायकांना होते. वाटीने सुमारे चौघींना. अशी फाट नीट शिवली गेली नाही तर स्त्रीला पुढे वर्षानुवर्षे शौचावर ताबा न राहण्याचा त्रास होतो, आणि ती तो लाजेने कोणाजवळ बोलत नाही. मात्र वाटी चिमट्यापेक्षा अधिक वेळा अयशस्वी होते, हेही खरे.

जंतुसंसर्गाविषयी ब्रिटनमध्ये ३,४२७ स्त्रियांवर झालेला प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. वाटी वा चिमटा लावल्यानंतर प्रतिजैविकाची एकच मात्रा शिरेतून दिलेल्या स्त्रियांपैकी ११ टक्क्यांना संसर्ग झाला किंवा तसा संशय आला. न दिलेल्यांत हे प्रमाण १९ टक्के होते.

मग सरळ सिझेरियन का करू नये? रामनगरच्या त्या पहिलटकरणीचा विचार येथे पुन्हा करावा. तिच्या बाळाचे डोके खोल उतरून हाडांत रुतले आहे. अशा वेळी पोट उघडले तरी डोके वर काढणे अवघड असते. गर्भाशयाची चीर खाली फाटत जाऊन रक्तस्राव होऊ शकतो. याच अडचणीवर बी. डी. पटवर्धन या भारतीय प्रसूतितज्ज्ञांच्या नावाने ओळखली जाणारी एक रीत आहे. १९५७ साली वर्णिलेल्या या रीतीत आधी खांदे, मग धड व पाय बाहेर काढून डोके शेवटी सोडवितात. ती आजही जगभर वापरली जाते. यावरूनच हे संकट किती नेहमीचे आहे हे कळते. शिवाय शस्त्रक्रियागृह सज्ज करणे, भूल देणारा बोलावणे, रक्ताची सोय करणे यांत वेळ जातो, आणि ही साधने गावात नसली तर पूल ओलांडण्याचा वेळ त्यात मिळवावा लागतो. ठोके मंदावलेल्या बाळाला तेवढा अवकाश असेलच असे नाही. एकदा गर्भाशयावर व्रण पडला म्हणजे पुढच्या प्रत्येक गरोदरपणी तो व्रण उसवण्याची आणि वार त्यात रुतून बसण्याची भीती सोबत राहते.

याचा अर्थ सिझेरियन टाळावे असा नव्हे. डोके वर असेल, वाट अरुंद असेल, डोक्याची दिशा कळत नसेल किंवा लावणाऱ्याचा हात तयार नसेल, तर वाटीपेक्षा सिझेरियनच सुरक्षित. पण वाटीची तुलना सुखरूप, आपोआप झालेल्या बाळंतपणाशी करून चालणार नाही. त्या घटकेला तो पर्याय उरलेलाच नसतो.

भारतात २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ८८.६ टक्के बाळंतपणे रुग्णालयांत होऊ लागली होती. सिझेरियनचे प्रमाण एकूण २१.५ टक्के, सरकारी रुग्णालयांत १४.३ आणि खाजगी रुग्णालयांत ४७.४ टक्के होते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रसूतीच्या मूलभूत तातडीच्या सेवा म्हणून ज्या सात गोष्टी सांगितल्या आहेत, त्यांत उपकरणाच्या साहाय्याने योनिमार्गे प्रसूती करणे ही एक आहे. अनेक देशांच्या पाहण्यांत नेमकी हीच सेवा सर्वाधिक वेळा गैरहजर आढळते. वाटी स्वस्त आहे, तिला विजेचीही गरज नाही. उणीव आहे ती शिकलेल्या हातांची. ज्या विद्यार्थ्याने आपल्या गुरूला वाटी लावताना क्वचितच पाहिले, तो स्वतः डॉक्टर झाल्यावर ती लावण्यास धजणार नाही, आणि धजला तर बाळाचे दैव. प्लास्टिकच्या पुतळ्यावर डोक्याचा तो तीन सेंटिमीटरचा बिंदू शोधण्याचा सराव करता येतो. मग अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम. याहून जवळची वाट नाही.

बाळंतिणीची संमती घेणे हाही उपचाराचाच भाग आहे. कळांच्या भरात दीर्घ व्याख्यान ऐकण्याच्या स्थितीत ती नसते. म्हणून गरोदरपणातील तपासण्यांच्या वेळीच वाटी, चिमटा आणि सिझेरियन यांविषयी तिला आणि घरातल्यांना दोन शब्द सांगून ठेवलेले बरे. रामनगरची ती पहिलटकरीण वाटीने सुटली, तर तिच्या कागदावर वाटी किती वाजता लावली, किती वेळा ओढले, ती किती वेळा सुटली आणि बाळाच्या डोक्यावर काय आढळले, हे लिहिलेले असले पाहिजे. बाळाला जन्मतःच के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले जाते. त्याचीही नोंद तेथेच असावी. तो कागद तिने पुढच्या बाळंतपणापर्यंत जपून ठेवावा. वाटीने वा चिमट्याने सुटलेल्या दहा स्त्रियांपैकी आठांहून अधिक स्त्रिया पुढच्या खेपेस कोणत्याही उपकरणावाचून बाळंत होतात.